दुर्बिणीची धाकटी बहीण

संसारांत कांहीं वस्तू अशा असतात कीं, त्या जागच्या जागीं असेपर्यंत त्यांच्याकडे कोणी ढुंकूनहि पाहत नाहीं. परंतु एखादे दिवशीं त्या नाहींशा झाल्या म्हणजे सारें घर अडून बसतें. देवघरांतील काड्यापेटी, चष्म्याचें घर, कपाटाची किल्ली या त्याच जातीच्या वस्तू होत. आमच्या घरीं एक दुर्बीण आहे, आणि तिच्या पाठीवर वीतभर लांबीची दुसरी एक लहान दुर्बीण बसविलेली असे. हौशी आकाशनिरीक्षक तिला ‘फाइंडर’ म्हणतात. मराठींत तिला शोधक म्हणावें. आमचे वडील मात्र ‘ही थोरलीची धाकटी बहीण’ असें म्हणत, आणि घरांत तेंच नांव रूढ झालें. ही धाकटी गेल्यावर तिच्या जागीं दुसरी बसवावयास आम्हांस पांच महिने लागले. एवढ्याशा नळीसाठीं इतके दिवस कां लागावेत, तें सांगावें म्हणून हा लेख.

१९८६ सालीं हॅलेचा धूमकेतु परत येणार म्हणून वडिलांनीं आदल्या वर्षीं ही दुर्बीण बांधावयास घेतली. हौशी मंडळींची ज्योतिर्विद्या परिसंस्था पुण्यांत १९४४ पासून आहे. तेव्हां असला नाद लागणाऱ्यास या शहरांत सोबत्यांची वाण कधींच पडली नाहीं. वडिलांनीं सहा इंच व्यासाची जाड कांच एका पिंपावर बसविली, आणि कार्बोरंडमची पूड व पाणी घालून, पिंपाभोंवतीं प्रदक्षिणा घालीत, रोज कचेरींतून आल्यावर ती घासली. कित्येक महिन्यांनीं त्या कांचेचा अंतर्गोल आरसा झाला. धाकटीसाठीं त्यांना जुन्या बाजारांत तीस मिलिमीटर व्यासाचें एक भिंग मिळालें. तिच्या दृष्टिक्षेत्राच्या मधोमध फुली हवी होती. जुने ज्योतिषी त्यासाठीं कोळ्याच्या जाळ्याचा तंतु ताणून बसवीत. वडिलांनीं आईच्या फणींतले दोन केंस घेतले. कोळ्याच्या तंतूच्या मानानें ते जाडच होते, पण शहराच्या उजळ आकाशावर ती फुली स्पष्ट दिसे. पुढें जवळजवळ चाळीस वर्षें गुरूचे चंद्र, शनीचें कडें, मृगांतील तेजोमेघ असें जें जें म्हणून आम्हीं पाहिलें, तें तें आईच्या केंसांच्या फुलीवर धरून पाहिलें.

मोठी दुर्बीण असतांना तिला लहान दुर्बिणीची गरज काय, असा प्रश्न घरीं येणारे पाहुणे नेहमीं करीत. दुर्बीण वस्तु मोठी करून दाखविते, ती आकाशाचा तुकडा लहान करून. आमच्या आरशाचें नाभ्यंतर १२०० मिलिमीटर आहे. त्याला २५ मिलिमीटरचें आयपीस लावलें म्हणजे ४८ पट मोठें दिसतें, आणि एका वेळीं सुमारें एक अंश, म्हणजे दोन पूर्णचंद्र शेजारीं शेजारीं मावतील एवढेंच आकाश दृष्टीस पडतें. क्षितिजावरच्या सबंध आकाशांत असे सुमारें सव्वीस हजार तुकडे होतात. त्यांतून हवा तो तुकडा नुसत्या अदमासानें गांठणें म्हणजे कुलपाच्या भोंकाला डोळा लावून सबंध वाड्यांत एखादें मूल हुडकण्यासारखें आहे.

ही अडचण आपल्या पूर्वजांस ठाऊक होती. लग्नांत वधूला अरुंधती दाखवावयाची असते. अरुंधती सूक्ष्म, ती एकदम दिसत नाहीं. म्हणून आधीं तिच्याजवळचा ठळक तारा दाखवून ‘ही अरुंधती’ असें सांगतात, आणि दृष्टि तेथें स्थिर झाली म्हणजे तो सोडावयास लावून खरी अरुंधती दाखवितात. यालाच अरुंधतीदर्शनन्याय म्हणतात. श्रीशंकराचार्यांनीं ब्रह्मसूत्रभाष्यांत हा दृष्टांत घेतला आहे. शाखाचंद्रन्याय हाहि त्याच घराण्यांतला. आधीं फांदी, मग चंद्र. शोधक म्हणजे हाच न्याय एका नळींत बसविलेला होय. वस्तु दाखविणें हें त्याचें काम नव्हे. दृष्टि जागेवर नेऊन पोंचविणें हें त्याचें काम.

आतां धाकटी गेली कशी, तें सांगितलें पाहिजे. सांगतांना लाज वाटते, तरी सांगितलें पाहिजे. २०२४ सालीं सूर्य आपल्या अकरा वर्षांच्या चक्राच्या ऐन भरांत होता व त्याच्यावर डागांची दाटी झाली होती. डिसेंबरांतील एका रविवारीं सकाळीं ते डाग घरांतील मुलांना दाखवावे म्हणून आम्हीं दुर्बीण गच्चीवर नेली. सूर्याकडे दुर्बिणींतून पाहावयाचें नसतें, त्याचें बिंब कागदावर पाडावयाचें असतें, हें आम्ही जाणत होतों. थोरलीच्या तोंडावर दोन इंचांचें भोंक पाडलेला पुठ्ठा बसविला, आयपीसपुढें पांढरा कागद धरला, आणि त्यावर उतरलेलें सूर्याचें वाटोळें बिंब व त्यावरचे काळे ठिपके पाहून मुलें हरखून गेलीं. एवढी सारी काळजी घेतली, आणि धाकटीच्या तोंडावर टोपण घालावयाचें विसरलों!

आमच्या धाकट्या बंधूंची मुलगी अकरा वर्षांची आहे. ती सवयीप्रमाणें धाकटीकडे वांकली. पलीकडे उन्हांत पाय सोडून बसलेल्या आईला कांहीं जळल्याचा वास आला. “अगं, वेणी! वेणी बघ तुझी!” असें ती ओरडली. मुलीनें दचकून मान मागें घेतली. तिच्या खांद्यावरून पुढें आलेल्या वेणीच्या काळ्या फितीला वाटाण्याएवढें भोंक पडलें होतें आणि त्याच्या कडेनें धूर निघत होता. आणखी एक क्षण गेला असता तर त्या किरणांच्या वाटेंत फितीऐवजीं डोळा आला असता.

रात्रीं आम्हीं धाकटी उघडून पाहिली. फुलीचे दोन्ही केंस जळून गेले होते. नेत्रभिंगाला तडा गेला होता. शिवाय आजवरच्या पावसाळ्यांतील दमट हवेनें पुढच्या भिंगाच्या आंत बुरशीचें जाळें पसरलें होतें, तें आम्हांस त्याच दिवशीं कळलें. दुरुस्तीसारखें तींत कांहीं उरलें नव्हतें. घरांत कोणी आम्हांस बोल लाविला नाहीं. बंधु बोलले नाहींत, त्यांची मंडळीहि बोलली नाहीं. परंतु त्या दिवसापासून मुलगी गच्चीवर यावयाची थांबली, आणि दुर्बिणीवर चादर पडली ती पडलीच. बोलणीं खाल्लीं असतीं तर बरें झालें असतें, असें आम्हांस अनेकदां वाटलें. नवा शोधक आणणें म्हणजे केवळ एक नळी विकत घेणें राहिलें नाहीं. वडिलांची दुर्बीण पुन्हा घरच्या माणसांची व्हावयाची कीं माळ्यावर जावयाची, असा तो प्रश्न होता.

आणि तरीहि पहिली निवड आम्हीं घाईनें केली. एका दुकानदारानें ‘रेड डॉट’ म्हणून जो शोधक मिळतो तो आमच्या गळ्यांत बांधला. त्यांत मोठें करून दाखविणारें भिंगच नसतें. एका तिरप्या कांचेवर तांबड्या दिव्याचा बारीक ठिपका पडतो. दोन्ही डोळे उघडे ठेवून कांचेंतून पाहिलें म्हणजे तो ठिपका आकाशांतच तरंगत आहे असें वाटतें, आणि दुर्बीण कोठें रोखलेली आहे तें तत्काळ समजतें. युक्ति सुंदर आहे. स्टीव्ह कुफेल्ड नांवाच्या अमेरिकन हौशी गृहस्थानें अशाच युक्तीनें ‘टेलरॅड’ बनविला; त्यांत ठिपक्याऐवजीं अर्धा, दोन व चार अंशांचीं तीन वर्तुळें आकाशावर उमटतात, व नकाशावर त्याच मापाचीं वर्तुळें काढून घेतलीं कीं काम भागतें. काळ्याभोर आकाशाखालीं राहणाऱ्या भाग्यवंतास यापरता सोयीचा शोधक नाहीं.

आमची गच्ची मात्र पुण्याच्या पेठेंत आहे. येथें नुसत्या डोळ्यांनीं तिसऱ्या प्रतीपलीकडचा तारा क्वचितच दिसतो. फाल्गुनांतील एका रात्रीं पुष्य नक्षत्रांतील तारकापुंज पाहावा म्हणून आम्ही एकटेच वर गेलों. पुनर्वसु आणि मघा यांच्या मधल्या पट्ट्यांत तो आहे. पण त्या सबंध पट्ट्यांत आमच्या आकाशांत एकहि तारा दिसेना. तांबडा ठिपका ठेवावा तो कशावर? त्यांत पुण्याचे अक्षांश साडेअठरा आणि त्या पुंजाची क्रांति साडेएकोणीस अंशांहून किंचित् अधिक. म्हणजे मध्यरेषेवर येतांना तो जवळजवळ डोक्यावरच येतो. नळीखालीं डोकें घालून, मान उलटी करून, रिकाम्या आकाशांत तो ठिपका फिरवितांना आम्हांस आमच्या घाईचें फळ मिळालें. दिवा बंद करावयाचा विसरल्यामुळें त्यांतील बटन-सेलहि लवकरच संपला.

मग एका स्नेह्यांनीं आपला ८×५० चा सरळ शोधक आठ दिवसांकरितां दिला. या आंकड्यांचा अर्थ आठ पट मोठें दाखविणारा व पन्नास मिलिमीटर भिंगाचा, असा आहे. पहिल्या आंकड्याकडे आपलें लक्ष जातें. पण शहरांत राहणारानें दुसरा पाहावा. अंधारांत पूर्ण उघडलेली डोळ्याची बाहुली सात मिलिमीटरची धरली तर पन्नासाचें भिंग तिच्या पन्नासपट प्रकाश गोळा करतें, आणि वडिलांच्या तिसाच्या भिंगाच्या पावणेतीनपट. पेठेंतील दिव्यांनीं जे तारे आमच्यापासून हिरावून घेतले होते, ते या नळीनें परत दिले. त्याच रिकाम्या पट्ट्यांत शोधक हळूहळू फिरवीत असतां धान्याची मूठ विखुरावी तसा पुष्यपुंज एकदम समोर आला.

परंतु सरळ शोधकांतहि दोन अडचणी निघाल्या. एक, त्यांतून सारें उलटें दिसतें. खालचें वर व डावें उजवीकडे. नकाशा उलटा धरला म्हणजे हें जमतें, पण सवय नसलेल्या मुलांचा गोंधळ होतो. दुसरी अडचण मानेची. आमच्या दुर्बिणीचें आयपीस नळीच्या वरच्या टोंकाजवळ बाजूला असतें. तेथें उभ्या उभ्या आरामांत पाहतां येतें. सरळ शोधकांतून पाहावयास मात्र नळीच्या रेषेंत मान न्यावी लागते, आणि तारा जितका उंच तितकी मान अधिक वळते. आईनें ऐंशी ओलांडली असून तिच्या मानेला पट्टा आहे. आम्हीं तिला वर बोलावून पाहिलें. ती वांकली, थांबली, आणि “राहूं दे, पुढच्या वेळीं बघूं,” म्हणून हळूच मागें झाली. वडील गेल्यापासून तिचे असे पुढच्या वेळीं बघूं म्हणून टाकलेले तारे किती झाले असतील, याचा विचार आम्हीं त्या रात्रीं प्रथम केला. आजवर धाकटींतून शोधावयाचें आम्हीं, आणि आईला बोलवावयाचें तें थोरलींत सारें बसल्यावर. तिला स्वतः कांहीं शोधावेंसें वाटत असेल हें आमच्या मनांतहि आलें नव्हतें. ज्या डोक्याच्या केंसांची फुली, त्याच डोक्याला ती फुली पाहावयाची सोय नव्हती.

तेव्हां निवडीची रीतच बदलली. कोणता शोधक उत्तम, हा प्रश्न सोडून दिला. या घरांत त्याच्याशीं कोण कोण उभें राहणार, हें आधीं मांडलें. आई, जिला मान वर करतां येत नाहीं. मुलगी, जिला उंची नाहीं आणि दमहि नाहीं. आणि आम्ही, ज्यांना चष्मा आहे. नुसता जवळचा किंवा दूरचा नंबर असेल तर चष्मा काढून, शोधकाचें भिंग मागेंपुढें करून भागतें. सिलिंडरचा नंबर असला म्हणजे चष्म्यासकट पाहावें लागतें, आणि मग डोळा थोडा दूर ठेवूनहि सबंध क्षेत्र दिसेल असेंच नेत्रभिंग लागतें. हें दुकानांतच चष्मा घालून पाहून घ्यावें.

हिरव्या लेसरचा शोधक घ्या, असेंहि कोणी सुचविलें. आकाशांत सरळ रेघ ओढल्यासारखा तो ताऱ्याला जाऊन लागतो खरा. परंतु ज्या घरांत एक डोळा क्षणाच्या अंतरानें वांचला, त्या घरांत ती वस्तु नको होती. शिवाय लोहगांवास उतरणारीं विमानें आमच्या आकाशांतून जातात, आणि वैमानिकाच्या डोळ्यांवर तो झोत पडणें म्हणजे अनर्थच.

शेवटीं काटकोनी शोधक घ्यावयाचें ठरलें. त्याच्या मागील टोंकास नळी काटकोनांत वळलेली असते, म्हणून आयपीसजवळ उभें राहून, मान न वळवितां, त्याच बाजूनें त्यांतहि पाहतां येतें. येथें एक गोष्ट नीट विचारून घ्यावी. वळणावर साधा आरसा असेल तर डावें-उजवें बदललेलें दिसतें, आणि नकाशा कसाहि फिरविला तरी तो आकाशाशीं जुळत नाहीं. त्या जागीं आमिची लोलक असला म्हणजे सारें सुलटें दिसतें, नकाशांत असेल तसेंच. आम्हीं लोलकाचा, पन्नास मिलिमीटरचा घेतला.

यालाहि एक खोड आहे, ती सांगितली पाहिजे. काटकोनी शोधकांत आपण पाहतों एकीकडे आणि नळी रोखलेली असते दुसरीकडे. त्यामुळें पहिला ठळक तारा क्षेत्रांत आणतांनाच माणूस भांबावतो. तेव्हां आम्हांस तो टाकून दिलेला रेड डॉट आठवला. कांचेपासून थोडें दूर उभें राहिलें तरी त्याचा ठिपका दिसतो. ठळक ताऱ्यावर तो टेंकवावयास क्षणभर मान वळविली कीं पुरें, आणि तेवढें काम मुलीला आवडण्याजोगें होतें. त्यानें पहिला ठळक तारा गांठावा, काटकोनी शोधकानें तेथून अंधुक ताऱ्यांवर पाऊल टाकीत जागेवर न्यावें, आणि मग थोरलीनें दाखवावें. फांदी, वसिष्ठ, अरुंधती, अशा तीन पायऱ्या झाल्या.

बसविण्याचें काम एका दुपारचें. शोधकाचा पाय ज्या खांचेंत सरकतो ती खांच आतां बऱ्याच कारखान्यांची एका मापाची असते, पण सर्वांची नसते, मोजून घ्यावी. वडिलांनीं केलेल्या पितळी कड्यांत पन्नासाची नळी मावेना, म्हणून नवी खांच स्क्रूंनीं बसविली. नळीला भोंकें पाडतांना आरसा आधीं काढून ठेवला. नवा शोधक जड असल्यामुळें थोरली तोंडावर पडूं लागली. तिच्या मागल्या टोंकास वाळूची पिशवी बांधतांच ती सांवरली. दिवसा दूरच्या पाण्याच्या टाकीच्या टोंकावर तिघींची नजर एक केली, आणि रात्रीं ती ध्रुवावर पुन्हा पडताळून पाहिली. तो जवळजवळ जागचा हलत नाहीं, म्हणून या कामास त्याच्यासारखा दुसरा तारा नाहीं.

टोपणांची व्यवस्था आईनें केली. थोरलीचें एक व धाकटीचें एक, अशीं दोन्ही टोपणें तिनें मजबूत दोरीनें नळीलाच बांधून दिलीं, म्हणजे तीं कोठें ठेवलीं हा प्रश्न नको. नियमहि ठरला. दिवसाउजेडीं दोन्ही टोपणें लावल्याखेरीज दुर्बीण दाराबाहेर जाणार नाहीं. आणि सूर्याचें बिंब पाडावयाचें त्या दिवशीं शोधक खांचेंतून काढून खालीं घरांत ठेवावयाचा. बंधूंची मंडळी गच्चीवर आली. तिनें दोन्ही दोऱ्या ओढून पाहिल्या, टोपणें काढून पुन्हा लावून पाहिलीं, आणि जिन्यांत जाऊन मुलीला हांक मारली.

वैशाखांतील रात्र होती. सप्तर्षि उंच आले होते. मुलीनें तांबडा ठिपका त्यांच्या शेपटीच्या मधल्या ताऱ्यावर, वसिष्ठावर, ठेवला, मग शोधकांत पाहून तो मधोमध आणला, आणि “आजी, आतां तूं,” म्हणून बाजूला झाली. आई खुर्चीवर बसली. खुर्चीखालीं दोन पाट घातले होते. तिनें मान न वळवितां डोळा लावला, आणि बराच वेळ कांहींच बोलली नाहीं.

“ही जवळची बारीक, तीच का रे ती?”

आम्हीं होय म्हटलें. वसिष्ठापासून अरुंधती बारा कला दूर आहे, चंद्रबिंबाच्या निम्म्याहूनहि कमी; परंतु शोधकांत ती वेगळी व स्वच्छ दिसते.

“आमच्या लग्नांत भटजींनीं बोट केलें,” आई म्हणाली, “मांडवांत पेट्रोमॅक्स भगभगत होते. मला कांहीं म्हणजे कांहीं दिसलें नाहीं. सगळे खोळंबलेले, म्हणून ‘दिसली’ म्हणून मोकळी झालें. यांना पुढें कितीदां सांगेन सांगेन म्हटलें, तें राहूनच गेलें.”

मग आम्हीं तिला थोरलींत पाहावयास सांगितलें. तेथें वसिष्ठ स्वतःच दोन ताऱ्यांचा असल्याचें दिसतें, ही गोष्ट गॅलिलिओच्या काळापासून दुर्बीणवाल्यांना ठाऊक आहे. आईनें तें पाहिलें, छान आहे म्हणाली, आणि पुन्हा शोधकाकडे वळली. तिला तीच नळी बरी वाटली. तिच्यांत शेजारपाजार दिसतो, असें तिचें म्हणणें पडलें.

वाचकांपैकीं कोणाच्या घरीं दुर्बीण असेल व तिचा शोधक बदलावयाचा असेल, तर आमचें सांगणें एवढेंच कीं, दुकानांत जाण्यापूर्वीं घरांतील माणसें मोजावींत, त्यांच्या माना, डोळे व उंची लक्षांत घ्यावी, आणि आपल्या गच्चीवरून किती तारे दिसतात तें पाहावें. बाकीची निवड सोपी आहे. वडिलांची जुनी धाकटी आतां पुस्तकांच्या कपाटांत असते. रोज रात्रीं दुर्बीण आंत घेतांना मुलगी दोन्ही टोपणें लावते आणि मोठ्यानें “एक, दोन” असें मोजते. खालीं स्वयंपाकघरांत तिच्या आईला तें ऐकूं जातें.